तुराट्या

पोरींच्या संडासाची चावी
माझ्याच कमरेले व्हती,
हे आधीच सांगून टाकतो.

चार वर्सं.
हेडसरांनंच देल्ली व्हती : "पंचफुलाबाई,
पावसात सरपन भिजते तुमचं, तिकडं ठेवत जा.
तसंही नळाले पानी नाई."
म्या ठेवलं. छतालोक तुराट्या,
खाली फुटकं घमेलं, जुन्या सरपंचाच्या
नावाची संगमरवरी पाटी, उलटी.
दारावर चित्र तसंच व्हतं :
फराकातली पोरगी, हातात बादली,
तोंडभर हासू.

माझं काम खिचडीचं.
पोरी कुठं जातेत हे मले मालूम व्हतं,
साऱ्या गावाले मालूम व्हतं :
शाळेमागं, ढोक्याच्या वावरात.
दोघी आत, एक धुऱ्यावर राखन.
दिवाळीनंतर तूर पुरुषभर होते, पिवळी फुलते,
ढोके त्यात क्विंटल पाहे,
पोरी भिंत पाहेत.

मंग सोंगनी.
दोन दिवसात भिंत आडवी.
पार रस्त्यावरची एष्टी दिसे तिथून,
एष्टीतल्या मानसाले वावर दिसे.
अन् त्याच तुराट्या
म्या अर्ध्या दामात बंडीवर लादून आनल्या,
पोरींच्या खोलीत रचल्या,
त्याच जाळून पोरींले जेवू घातलं.
तवा हे काई डोक्यात आलं नाई.

डोक्यात आला गिलास.
सातवीतली दिव्यानी कोडापे,
खिचडी दोनदा घे, पानी एकदाही नाई.
फागुन उलटलेला, ओठाची सालटं निघालेली.
"काहून वं, पानी?"
"तहान नाई मावशी."
तिच्यामागची समीक्षा, तिलेही तहान नाई.
आचलले तं दोन वर्सांपासून तहान नाई.
अकरा गिलास मोजले म्या, घासायले आलेच नाई.
आठवीची रोशनी तं दर महिन्याले पाच रोज गायब,
हजेरीत सर लिहेत : घरकाम.

एक दिवस दिव्यानी गंज घासू लागली मले.
इचारलं तिनं, मान खाली घालूनच :
"मावशी, तूर कवा पेरतेत?"
"मिरगात. काहून, पेपरात येते का?"
"नाई. मंग डोक्याइतकी कवा होते?"
म्या बोटावर महिने मोजाले लागली,
मिरग, आखाडी, पोळा...
दसऱ्यावर आली अन्
बोट तिथंच राह्यलं.

तुराट्या काढाले दोन रोज लागले.
तीन विंचू, एक धामन, उंदराची पिल्लं.
हेडसर म्हने, "बाई, सरपन आता कुठं?"
म्हनलं, "तुमच्या हाफिसात लय जागा हाय."
सर काई बोलले नाई.
सोमवारी घाटंजीहून कडी घेऊन आले,
आतून लागनारी.
बिल कोनाले दाखवलं नाई.

सारं झालं असं नका समजू.
दुसऱ्या खोलीचा खड्डा तुंबलाच हाय,
ग्रामसेवक म्हनते, पुढच्या मार्चमधी पाहू.
नळ कोरडाच. डराम माझ्या घरचा हाय,
लेकीच्या लग्नातला.
झाकनाचा डबा ठेवला कोपऱ्यात,
खिळ्याले जुन्या पेपराचे तुकडे, गुंडाळाले.
साबन चोरी गेला दोनदा.
तिसऱ्यांदा म्या पायमोज्यात घालून टांगला.
रोशनी या महिन्यात एकच रोज नाई आली,
अन् तो बजाराचा व्हता.

त्रास मलेच वाढला, खरं सांगतो.
आधी एक माठ दिवसभर पुरे,
आता बारा वाजता तळ दिसते.
हापशी शाळेपासून कुठं, पार मारोतीजवळ.
दोन घागरी आनतो तं कंबर धरते,
चावी खोसत व्हती त्याच अंगानं.
काल तं वरडलीच मी दिव्यानीवर :
"किती पेतं वं पोरी! म्हैस हायस का?"
गिलास तोंडालेच व्हता तिच्या.
हातानं खुनावलं,
थांब मावशी,
अजून एक.